मांसही नव्हे, चरबीही नव्हे



वैशाखाच्या उकाड्यात अंगाला जरा वारा लागावा म्हणून येथे मैदानात येऊन बसलेल्या आपणांसमोर थंडीविषयी बोलावयास उभे राहणे हा थोडा आगाऊपणाच आहे. त्यातून विषय उंदराचा, आणि तोही त्याच्या पाठीवरील चिमूटभर चरबीचा. हमालांच्या संघटनेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने मजुरीच्या दराविषयी बोलावे, उंदराशी त्याचे काय देणेघेणे, असे कुणाला वाटले तर त्यात वावगे काही नाही. परंतु शरीर कष्ट कसे सोसते आणि त्या सोसण्याची किंमत कशातून भरली जाते, हा आम्हा मंडळींचा रोजचा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर मला या चिमूटभर चरबीच्या इतिहासात सापडले. मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळाही अर्ध्यावर सुटली. वाचनालयातील पुस्तकांनी जे शिकविले ते मला समजले तसे सांगतो.

इ. स. १५५१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे संत एकनाथांच्या काळात, स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी कॉनराड गेस्नर नावाच्या वैद्याचा प्राणिवर्णनाचा मोठा ग्रंथ छापून निघू लागला. आल्प्सच्या डोंगरात मार्मट नावाचा एक प्राणी आहे. खारीच्या कुळातला, पण अंगाने सशाहून मोठा. उन्हाळ्यात चरून चरून हा गलेलठ्ठ होतो आणि हिवाळा लागला की बिळात शिरून महिनेच्या महिने निजून राहतो. गेस्नरने मार्मटच्या दोन खांद्यांच्या मध्ये एक विचित्र गोळा पाहिला. तो चरबीसारखा पांढरा नव्हता, मांसासारखा तांबडाही नव्हता. ही धड चरबी नव्हे आणि धड मांसही नव्हे, दोहोंच्या मधले काहीतरी आहे, अशी नोंद करून गेस्नर पुढे गेला. ते काय आहे हे त्याने सांगितले नाही, आणि ठाऊक नसता सांगितले नाही हे मला त्याचे मोठेपण वाटते.

पुढच्यांना इतका धीर नव्हता. तो गोळा निजणाऱ्या प्राण्यांत ठळक दिसतो, तेव्हा ती शीतनिद्रेची ग्रंथी असली पाहिजे असे ठरले, आणि हे नाव विसाव्या शतकापर्यंत टिकले. कोणी म्हणाले, यातून झोप आणणारा रस पाझरतो. कोणी म्हणाले, येथे रक्त तयार होते. कोणी त्याला छातीतील दुसऱ्या एका ग्रंथीचा भाग मानले. गंमत अशी की हाच गोळा घरातल्या उंदरात आहे, घुशीत आहे, सशाच्या पिलात आहे. आणि यांपैकी कोणीही हिवाळाभर निजत नाही. वस्तू कोठे आढळते यावरून तिचे नाव ठेवायचे आणि मग त्या नावावरून तिचे काम ठरवायचे, ही उलटी रीत कारखान्याच्या हजेरीपटावरही चालते. ज्याला काय म्हणावे ते सुचत नाही तो ‘इतर’ सदरात जातो, आणि वीस वर्षे मशीन चालविले तरी ‘इतर’च राहतो.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र फरक स्वच्छ दिसतो. आपण ज्याला चरबी म्हणतो त्या पांढऱ्या चरबीच्या पेशीत एकच मोठा तेलाचा थेंब असतो आणि बाकीचा संसार कडेला दाबलेला असतो. या दुसऱ्या, तपकिरी चरबीच्या पेशीत तेलाचे पुष्कळ बारीक थेंब असतात आणि त्यांच्या भोवती तंतुकणिकांची, म्हणजे मायटोकाँड्रियांची, दाटी असते. अन्न जाळणाऱ्या पेशीतल्या चुली त्या ह्याच. त्यांत लोहयुक्त द्रव्ये असतात, शिवाय रक्ताच्या बारीक वाहिन्यांचे जाळेही दाट. त्यामुळे हा तपकिरी रंग. पहिली कोठी म्हटली तर दुसरीला भट्टी म्हटले पाहिजे. पण भट्टी कशासाठी, हे कळण्याआधी शरीराची ऊब म्हणजे काय हेच कळावयास हवे होते.

ते काम फ्रान्समध्ये लाव्हाझिएने केले. १७८२–८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लासने एक भांडे करविले. आतल्या पिंजऱ्यात गिनीपिग, भोवती बर्फ, आणि त्याच्याही बाहेर बर्फाचा दुसरा थर. गिनीपिगाच्या उबेने आतला बर्फ वितळेल, ते पाणी तोलले की ऊब तोलली. दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला. मग जनावराच्या उच्छ्वासातला वायू मोजून, तेवढा वायू निर्माण होईल इतका कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल याचा हिशेब त्यांनी केला. तो साडेदहा औंसांच्या आतच आला. आकडे अगदी जुळले नाहीत, पण श्वासोच्छ्वास ही एक संथ ज्वलनक्रिया आहे एवढे त्यावरून सिद्ध झाले. उरलेल्या अडीच औंसांची कारणे त्यांनी परोपरीने दिली. पुढच्या शरीरशास्त्रज्ञांनी एक साधे कारण दाखवून दिले. उच्छ्वास मोजला खोलीच्या हवेत आणि ऊब मोजली बर्फाच्या पिंजऱ्यात! बर्फात बसविलेले जनावर जास्त जळणारच. थंडीत शरीराची भट्टी वाढते, ही गोष्ट त्या पहिल्याच प्रयोगात न बोलावता येऊन बसली होती.

१७८९ च्या सुमारास लाव्हाझिएने आपला सहकारी आर्मां सेगँ याच्यावरच प्रयोग केले. उबदार हवेत स्वस्थ बसलेल्या सेगँला जेवढा प्राणवायू लागे, त्याहून सुमारे एक दशांश जास्त थंड हवेत लागे. आणि काम करताना तर कितीतरी पट. यावरून या गृहस्थाने एक प्रश्न लिहून ठेवला आहे, तो संघटनेच्या प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कष्टकऱ्याच्या शरीरात जास्त जळते, म्हणजे त्याला जास्त अन्न हवे. आणि तरीही ज्याला कमी लागते त्या श्रीमंताच्याच पानात जास्त का पडते, असे त्याने विचारले. विचारणारा स्वतः सरकारी कर वसूल करणाऱ्या मक्तेदार कंपनीचा भागीदार होता. १७९४ च्या ८ मे रोजी त्या भागीदारीपायीच क्रांतीच्या न्यायासनाने त्याचे डोके उडविले. असो.

लाव्हाझिएनंतर दीडशे वर्षे सामान्य समजूत अशी होती की थंडीत वाढणारी ऊब स्नायूंची आहे. हुडहुडी भरते, दात वाजतात, अंग कापते, ते उगाच नव्हे. स्नायू बाहेरचे कोणतेच काम न करता नुसते आकसतात आणि त्यांचे सगळे जळण उबेत जाते. हे खरेच आहे. पण त्यात सगळे आले का? १९५४ साली टोरांटोतील संशोधकांनी उंदरांच्या जातीचेच पण मोठे असे जे प्रयोगशाळेतील रॅट, त्यांना गोठणबिंदूच्या जवळपास थंडीत आठवडेच्या आठवडे ठेवले आणि स्नायूंतील विद्युत्‌लहरी मोजल्या. नवा प्राणी थंडीत घातला की तो थरथर कापे. काही आठवड्यांनी त्याचे कापणे पुष्कळ ओसरे. पण प्राणवायूचा खप? तो चढा तो चढाच राहिला. १९५६ मध्ये कॉटल आणि कार्लसन यांनी याहून कठोर कसोटी लावली. दक्षिण अमेरिकेतील शिकारी बाणांना लावतात ते क्युरारे नावाचे विष स्नायूंना पार लुळे करते. थंडीला सरावलेल्या प्राण्याला ते टोचून, कृत्रिम श्वासावर जिवंत ठेवून, गार हवेत ठेवले. कापणे आता शक्यच नव्हते. तरीही त्याच्या अंगात ऊब वाढली. पुढच्याच वर्षी दिसून आले की मज्जातंतूंच्या टोकांशी स्रवणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन टोचले तर सरावलेल्या प्राण्यात ही ऊब थंडीवाचूनही पेटते.

म्हणजे न कापता ऊब देणारी कोणती तरी भट्टी अंगात होती, थंडीच्या सरावाने ती वाढत होती, आणि ती कोठे आहे याचा पत्ता नव्हता.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. इंग्लंडमध्ये गोठविलेले मांस ठेवण्याच्या गोदामांत शून्याखाली सुमारे १० अंश सेंटिग्रेडची थंडी असे आणि दिवे क्वचितच लागत. त्या अंधारात उंदीर राहत होते! मांस खात, मांसाला गुंडाळलेल्या कापडाच्या चिंध्या ओढून घरटी करीत, आणि तेथेच वीत. १९४६ मध्ये त्यांची शास्त्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. पुढे ग्लासगो येथे अँथनी बार्नेट यांनी प्रयोगशाळेतील उंदीर शून्याखाली ३ अंशांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवून पाहिले. ते जगले, विणले. पण त्यांना खाणे पुष्कळ जास्त लागे आणि घरट्यातली पिले जास्त मरत.

शीतगृहात माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या कामगारांच्या मागण्या घेऊन मी एका ठिकाणी बोलणी करावयास बसलो असता समोरचे गृहस्थ म्हणाले, “त्यांना आता सवय झाली आहे. नव्याला जॅकेट लागते, जुन्याला लागत नाही.” त्या वाक्याला उत्तर देण्याइतके शरीरशास्त्र माझ्यापाशी तेव्हा नव्हते; आणि खरे सांगायचे तर तसले वाक्य शरीरशास्त्राने परतत नाही, हजेरीपट रिकामा ठेवल्याने परतते. पण सवय म्हणजे काय हा प्रश्न मनात राहिला. लोकांच्या बोलण्यात सवय म्हणजे फुकटची गोष्ट. अंगवळणी पडले, आता त्याचे काही वाटत नाही, आता खर्च नाही. उंदराने दाखविले ते याच्या नेमके उलट आहे. सुमारे ३० अंश उबेत सुखाने बसणाऱ्या उंदराला जेवढे अन्न लागते, त्याच्या दुपटीहून अधिक अन्न चार-पाच अंशांवर सरावलेल्या उंदराला रोज लागते. कापणे थांबते, जळणे थांबत नाही. पाहणाऱ्याला दिसत होता तो त्रास दिसेनासा होतो, आणि खर्च आत जाऊन बसतो. अन्न मिळाले नाही तर ती सवय दोन दिवसही टिकणार नाही.

आता पुन्हा त्या भट्टीच्या शोधाकडे येऊ. १९६१ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील रॉबर्ट स्मिथ यांनी मांडले की थंडीला सरावलेल्या प्राण्यात खांद्यांमधली ही तथाकथित शीतनिद्रेची ग्रंथी वाढते, आणि ती ऊब निर्माण करते. झोप आणणारी म्हणून जिची ख्याती, ती निघाली जागे करणारी. मार्मटसारखे प्राणी हिवाळी झोपेतून उठतात तेव्हा अंग तापविण्याच्या कामी तीच पुढे असते, हेही दोन वर्षांत दिसून आले. त्याच सुमारास ऑक्सफर्डला मायकेल डॉकिन्स आणि डेव्हिड हल यांनी सशाची नुकती जन्मलेली पिले घेतली. नवजात पिलू कापत नाही. पण गार हवा लागताच खांद्यांमधल्या तपकिरी चरबीवरची कातडी भोवतीच्या कातडीहून उबदार राहते. आणि ती चरबी काढून टाकली तर थंडीला उत्तर देण्याची त्या पिलाची शक्ती जवळजवळ जाते. माणसाचे मूलही असेच. तान्ह्या बाळाला हुडहुडी भरत नाही. त्याच्या खांद्यांमध्ये, मानेत, मूत्रपिंडांभोवती ही चरबी असते आणि पहिल्या दिवसांत तिचाच आधार. दिवस न भरता जन्मलेल्या मुलात तिचा साठा अपुरा असतो. आपल्या बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि दुपटी शरीरशास्त्र शिकून आलेली नाहीत, पण त्यांना हे ठाऊक होते.

तरीही मोठ्या प्राण्याच्या बाबतीत बहुतेक शास्त्रज्ञ मानेनात. एवढासा गोळा, शरीराच्या वजनाच्या शेकड्याला एक-दोन भाग, तो सगळे अंग काय तापविणार? खरी ऊब स्नायूंचीच, हा आग्रह आणखी पंधरा वर्षे राहिला. तो मोडला ओटावा येथील डेव्हिड फॉस्टर आणि लॉरेन फ्रायडमन यांनी, १९७८ च्या सुमारास. त्यांनी किरणोत्सर्गी खुणेचे अतिसूक्ष्म मणी सरावलेल्या रॅटच्या रक्तात सोडले आणि कोणत्या अवयवात किती अडकले ते मोजले. त्यावरून कोठे किती रक्त जाते ते कळले. थंडीत त्या एवढ्याशा चरबीकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा फार मोठा हिस्सा वळत होता, आणि न कापता वाढणाऱ्या उबेपैकी निम्म्याहून अधिक ऊब तेथलीच होती. वजनावरून कामाची किंमत करणाऱ्यांना इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळाले असेल.

भट्टी सापडली. पण ती चालते कशी? या प्रश्नाचा धागा दुर्दैवाने कामगारांच्या प्रेतांवरून जातो, आणि तो सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत तोफगोळे भरताना डायनायट्रोफेनॉल नावाचे पिवळे द्रव्य वापरीत. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जाई. कामगार रोडावत, घामाने निथळत, कोणताही जंतू नसता त्यांना ताप चढे. काही जण त्या तापातच मेले. अन्न जळत होते, पण शक्ती हाती येत नव्हती. याची नोंद वैद्यकीय अहवालांत झाली. आणि मग? १९३३ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांनी तेच द्रव्य वजन उतरविण्याचे औषध म्हणून पुढे आणले. थोड्याच काळात अमेरिकेत सुमारे एक लाख लोकांनी ते घेतले असावे असा अंदाज आहे. काहींना मोतीबिंदू झाले, काही आतल्या आत भाजून निघाल्यासारखे मेले, आणि १९३८ च्या कायद्यानंतर ते तेथे बंद झाले. चोरट्या वाटेने ते आजही विकले जाते आणि आजही माणसे मरतात. कारखान्यात ज्याला विषबाधा म्हटले, त्यालाच बाजारात सडपातळपणाची गुटी म्हटले, एवढाच फरक.

या विषाची करणी १९४८ मध्ये लूमिस व लिपमान यांच्या प्रयोगांनी उलगडली. पेशी अन्न जाळते आणि त्या जळण्याच्या जोरावर एटीपी नावाचे द्रव्य बनविते. ते पेशीचे चलन. कोणतेही काम करावयाचे तर ही रोकड मोजावी लागते. हे विष जळणे थांबवीत नाही. जळणे आणि रोकड यांच्यामधला सांधा तोडते. जुन्या गिरण्यांत साच्यावर दोन पुल्या शेजारी शेजारी असत, एक पक्की आणि एक सैल. पट्टा पक्क्या पुलीवर असला की साचा चाले. तो सरकवून सैल पुलीवर टाकला की पट्टा फिरतच राही, वरचा शाफ्टही फिरत राही, आणि साचा मात्र उभा. डायनायट्रोफेनॉल माणसाच्या साऱ्या शरीराचा पट्टा सैल पुलीवर टाकते.

आता हा सांधा कसला, हे १९६१ मध्ये पीटर मिचेल या इंग्रजाने सांगितले. तंतुकणिका जळणाच्या जोरावर हायड्रोजनचे भारित कण, म्हणजे प्रोटॉन, आपल्या आतील पडद्याच्या बाहेर उपसते. धरणात पाणी चढवावे तसे. ते पाणी एका ठरावीक चक्कीतून परत येते तेव्हा एटीपी तयार होते. कित्येक वर्षे त्याची टिंगल झाली. त्याने कॉर्नवॉलमधील एक पडका वाडा दुरुस्त करून तेथेच आपली छोटी प्रयोगशाळा थाटली आणि काम चालू ठेवले. १९७८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या धरणावरून विषाचे काम चटकन समजते. ते पडद्याला सर्वत्र गळती लावते. पाणी चक्की टाळून परत येते, आणि सगळा जोर उबेत जातो.

तपकिरी चरबी हेच करते. परंतु तेथे गळती नसून दरवाजा आहे, आणि त्याला कडी आहे. १९७६ ते १९७८ च्या दरम्यान फ्रान्समध्ये डॅनियल रिकिए आणि स्कॉटलंडमधील डंडी येथे डेव्हिड निकोल्स व त्यांचे सहकारी यांनी थंडीत वाढणारे एक प्रथिन तंतुकणिकांच्या पडद्यात दाखविले. स्टॉकहोमच्या बार्बरा कॅनन व यान नेडरगार्ड यांच्या प्रयोगशाळेने त्याला थर्मोजेनिन म्हटले. आज सर्वत्र त्याला यूसीपी-१ म्हणतात, म्हणजे सांधा सोडविणारे पहिले प्रथिन. उंदराच्या कातडीला गारवा लागतो, मेंदूच्या तळातील केंद्राला वर्दी जाते, तेथून मज्जातंतूंवाटे निरोप येतो, तपकिरी चरबीत नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटते, तेलाचे थेंब फुटून मेदाम्ले मोकळी होतात, आणि तीच दुहेरी काम करतात. तीच जळण, आणि तीच त्या दरवाजाची कडी काढणारी. एरवी हा दरवाजा एटीपीसारख्या द्रव्यांनी लावलेला असतो. गारवा संपला, निरोप थांबला, की तो पुन्हा लागतो. हे सारे काही मिनिटांचे काम. गारवा दिवसेंदिवस राहिला, तर पेशी नव्या दरवाजांची आणि नव्या तंतुकणिकांची उभारणी करतात, पेशींची संख्या वाढते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. इतकेच नव्हे, पांढऱ्या चरबीतही अधूनमधून तपकिरी कामाच्या पेशी उगवतात. सरावाला आठवडे लागतात ते यामुळे. तो मनाचा निर्धार नसून बांधकाम आहे, आणि बांधकामाला माल लागतो.

या सगळ्या साखळीची खरी परीक्षा १९९७ मध्ये झाली. अमेरिकेच्या मेन राज्यातील जॅक्सन लॅबोरेटरीतील लेस्ली कोझाक व त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी यूसीपी-१ चे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते दिसावयास धडधाकट होते. एकदम पाच अंशांच्या थंडीत ठेवताच त्यांच्यापैकी बहुतेकांचे अंग गार पडू लागले. यावर २००१ साली स्टॉकहोमला एक सुंदर प्रयोग झाला. या उंदरांना पायरीपायरीने, आधी १८ अंशांत आणि मग ४ अंशांत नेले. असे नेले तर ते जगतात. परंतु साध्या उंदराचे कापणे आठवड्याआठवड्याने ओसरते, तसे यांचे ओसरत नाही. ते रात्रंदिवस कापूनच जगतात. यावरून ठरले की थंडीच्या ज्या सरावाला आपण सराव म्हणतो, तो उंदरात या एका प्रथिनावर उभा आहे. त्याची जागा दुसरे काही घेत नाही.

माणसाचे काय, हे श्रोते विचारणारच. मूल मोठे झाले की ही चरबी नाहीशी होते, असे पुस्तकांत पुष्कळ वर्षे छापले जात होते. त्याला पहिला धक्का फिनलंडमध्ये बसला होता. १९८१ साली औलू येथील संशोधकांनी मृत व्यक्तींची तपासणी करून लिहिले की उत्तरेकडील गारठ्यात उघड्यावर काम करणाऱ्यांच्या मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांभोवती तपकिरी चरबी आढळते. घरात काम करणाऱ्यांत ती फारशी नाही. लाकूडतोड्यांच्या आणि मजुरांच्या शरीरातली ही साक्ष पुढची पंचवीस वर्षे कोणी विशेष मनावर घेतली नाही. २००९ साली मात्र बोस्टन, मास्ट्रिख्ट आणि तुर्कू येथील तीन निबंध एकाच वैद्यकीय नियतकालिकात एकत्र आले, आणि किरणचित्रांवरून प्रौढ माणसात, विशेषतः गारव्यात, गळपट्टीच्या हाडावर ही चरबी पेटलेली सर्वांनी पाहिली. ती थोडी असते आणि वयाबरोबर कमी होते. २०१४ मध्ये हॉलंडमधील लायडेन येथे दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत ती गोऱ्या तरुणांहून कमी भरली. पण पाहिले होते ते दोन्हीकडचे मिळून २४ जण, तेवढ्यावरून कोणी आपल्या साऱ्या उपखंडाचे निदान करू नये. गार पाण्याच्या टबात बसा आणि सडपातळ व्हा असे सांगणाऱ्यांपासूनही जपावे. उंदीर ज्या प्रमाणात जाळतो त्या प्रमाणात माणूस जाळीत नाही, आणि जे जळते ते भूक भरून काढते.

गेस्नरच्या नोंदीचेही पुढे काय झाले ते सांगतो. २००८ साली बोस्टनच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने पेशींची वंशावळ शोधली. उंदराच्या खांद्यांमधल्या तपकिरी चरबीचे पूर्वज पांढऱ्या चरबीचे पूर्वज नव्हेत. ते स्नायूंचे पूर्वज आहेत. एकाच मुळातून एक फांदी मांसाकडे गेली आणि एक या भट्टीकडे. ना चरबी ना मांस असे म्हणून जो गप्प राहिला, तो साडेचारशे वर्षांनी बरोबर ठरला.

आता उरला प्रश्न प्रयोगशाळेतल्या उंदरांचा. त्यांच्या खोल्या जगभर २०–२२ अंशांवर ठेवतात, कारण तेथे अंगात कोट घालून काम करणाऱ्या माणसांना ती हवा सुखाची वाटते. २५–३० ग्रॅमच्या प्राण्याला ती गारठ्याची आहे. त्याच्या सुखाची हवा ३० अंशांच्या आसपास. म्हणजे औषधांचे, लठ्ठपणाचे, मधुमेहाचे असंख्य प्रयोग ज्यांवर झाले ते उंदीर सगळा वेळ आपली भट्टी पेटवून बसले होते, आणि हिशेबात तो खर्च कोणी धरला नव्हता. यूसीपी-१ नसलेले उंदीर गार खोलीत लठ्ठ होत नाहीत, पण ३० अंशांत नेले की होतात, हे २००९ मध्ये स्टॉकहोमहून जाहीर झाले तेव्हा पुष्कळांना आपले जुने आकडे पुन्हा तपासावे लागले. खोली किती अंशांवर ठेवावी याचा वाद अजून चालू आहे. काही ठिकाणी पिंजऱ्यात कागदाच्या पट्ट्या घालून पाहिले. उंदराने त्या दातांनी कुरतडून, गोळा करून, वरून बंद असे घरटे केले, त्यात तो शिरून बसला, आणि त्याचे खाणे कमी झाले.